एक रूप, अनेक कुळे



काशीचा राजा घाट पूर्वी अमृतराव घाट म्हणूनही ओळखला जाई. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी १८०७ च्या सुमारास तो दगडांनी बांधून घेतला. मराठी यात्रेकरू तेथे पोचतो, तेव्हा ‘घाट’ या शब्दाने त्याला बोरघाटाची वळणे आठवतात आणि समोर असतात गंगेत उतरणाऱ्या पायऱ्या. वाई-नाशिकचा माणूस त्यातून लगेच सावरतो.

खरी फसगत पुढे होते. नावाडी ‘पीठ में दर्द है’ म्हणतो आणि मराठी कानाला दळण आठवते. काशीतच विशालाक्षीचे शक्तिपीठ आहे. ते तिसरे पीठ. ही एका शब्दाची तीन अपत्ये नव्हेत. हिंदीतली पीठ संस्कृत ‘पृष्ठ’पासून आली, जात्यातले पीठ ‘पिष्ट’पासून, प्राकृतात दोन्ही ‘पिट्ठ’ झाले आणि तेथेच त्यांचे चेहरे एक झाले. आसनाचे पीठ मूळचेच पीठ. युरोपातही असे घडते. इटालियनमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे लोणी, स्पॅनिशमध्ये गाढव. दोहोंचे लॅटिन पूर्वज निराळे.

अशा वेळी हमखास ‘शिक्षा’चे उदाहरण दिले जाते : हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. विनोदाला ते सोयीचे; पण तेथे मूळ एकच आहे, फक्त अर्थाच्या वाटा फुटल्या.

मराठीने ‘पृष्ठ’ची ‘पाठ’ केली आणि ती थेट शाळेतल्या ‘पठ्’ धातूच्या पाठाला येऊन भेटली. ‘ती पाठ’ आणि ‘तो पाठ’ यांत घोटाळा होत नाही, कारण लिंग पहारा करते. ‘नाव’ची गोष्ट अशीच. जुन्या लेखनात नामाचे ‘नांव’ आणि नौकेची ‘नाव’ डोळ्यांनाच वेगळी दिसे. १९६२ च्या लेखननियमांनी असे अनुस्वार गाळले. लेखन सुटसुटीत झाले, हे मान्यच. पण ‘नामा’तल्या मकाराची उरलेली खूण पुसली गेली. आता ‘ते नाव’ आणि ‘ती नाव’ एवढाच फरक शिल्लक आहे. घरात हिंदी-मराठीची सरमिसळ झाली, की नेमके हे लिंगच आधी डळमळते.

म्हणून एखादे मूल ‘माझी पीठ दुखते’ म्हणाले, तर पालकांनी एकदम हसू नये. त्याने हिंदीतला अचूक शब्द, त्याच्या हिंदी लिंगासह, मराठी वाक्यात आणला आहे. ‘पृष्ठ’ आणि ‘पिष्ट’ यांची कुळे त्याला सांगायला दोन मिनिटे पुरतात.