पुढचा चिमटा घरी कसा उघडावा



आज आपण सायकलीविषयी चार गोष्टी बोलणार आहोत. सगळ्या सायकलीविषयी नाही, फक्त पुढच्या चिमट्याविषयी. ज्या दोन पायांमध्ये पुढचं चाक बसतं, तो चिमटा. कुणी त्याला फोर्क म्हणतात. जुन्या काळ्या सायकलीचा चिमटा साधा असतो. तो दबत नाही. पण आता मुलं-मुली ज्या सायकलींवर शाळेला जातात, त्यांतल्या पुष्कळ सायकलींना दबणारा चिमटा असतो. त्याच्या पोटात स्प्रिंग असते. त्याला आपण शॉकअप म्हणतो.

शॉकअप नवा असतो तेव्हा खड्ड्यात मऊ दबतो. दोन पावसाळे गेले की कुरकुरू लागतो. मग अडकतो. मग दबायचाच बंद होतो. आपण म्हणतो, "गेला शॉकअप!" नव्याला पैसे लागतात, म्हणून पोर तशीच सायकल दामटते आणि तिचे हात भरून येतात. पण मंडळी, पुष्कळदा शॉकअप गेलेला नसतो. त्याच्या पोटात चिखल आणि गंज साठलेला असतो. उघडला, पुसला, ग्रीस लावून बसवला, की तो पुन्हा चालू लागतो. हे काम अंगणात एका सकाळी होण्यासारखं आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. मागचं चाक बिघडलं तर सायकल बहुधा थांबते किंवा घसरते. पुढचा चिमटा मोडला तर माणूस तोंडावर पडतो. म्हणून काय उघडायचं आणि काय उघडायचं नाही, हे दोन्ही शिकलं पाहिजे.

सायकलीचा धक्का कमी कसा करावा, हा विचार फार जुना आहे. जॉन बॉइड डनलॉप नावाचे गृहस्थ बेलफास्ट शहरात राहत. ते गुरांचे डॉक्टर होते. त्यांचा मुलगा तीनचाकी सायकल चालवी. तेव्हाची टायरं भरीव, टणक. फार हादरे बसत. डनलॉप यांनी मुलासाठी हवा भरलेलं टायर करून पाहिलं आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे टायरातली हवा हाच सायकलीचा पहिला शॉकअप! दबणारा चिमटा सर्वत्र आला तो बराच उशिरा. अमेरिकेत पॉल टर्नर यांनी मोटारसायकलींचं काम केलं होतं. त्यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा चिमटा १९८९ साली बाजारात आला. तो डोंगरात चालवायच्या सायकलींसाठी होता. पुढे तशाच रूपाचे स्वस्त चिमटे साध्या सायकलींनाही बसू लागले.

आता हा चिमटा आतून कसा असतो ते समजून घेऊ. वर दोन चकचकीत नळ्या असतात. खाली दोन जाड पाय असतात. नळ्या पायांत शिरतात आणि वरखाली सरकतात. दोन्ही पायांना जोडणारी एक कमान असते. नळी पायात शिरते तिथे रबरी कडी असते. तिला सील म्हणतात. धूळ-पाणी बाहेर ठेवणं हे तिचं काम. पायाच्या आत बूश असतात. नळी त्यांच्यावर घासत सरकते. स्प्रिंग नळीच्या पोटात असते. काही चिमट्यांत ती एकाच बाजूला असते. दुसरी बाजू रिकामी दिसली तर घाबरू नये.

उघडण्याआधी दुखणं कुठं आहे ते पाहावं. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर भार द्या. चिमटा दबून परत वर आला पाहिजे. मग ब्रेक तसाच धरून सायकल पुढेमागे हलवा. खटखट लागली तर बोट ठेवून पाहा. हँडलखालच्या वाट्यांपाशी खटखट लागली, तर तिथले छर्रे ढिले आहेत. चिमटा उघडायची गरज नाही. नळी पायात शिरते तिथे लागली, तर बूश झिजले आहेत. झिजलेले बूश नुसत्या ग्रीसने भरून येत नाहीत.

आता सायकल उलटी करा आणि पायांची खालची टोकं पाहा. तिथे खड्ड्यात बोल्ट किंवा नट दिसला, तर चिमटा उघडता येतो. दिसला नाही, तर तो कारखान्यातच कायमचा बसवलेला असतो. त्याला ठोकू नका. बाहेरून पुसा, तेवढंच. आणखी एक प्रकार असतो. त्याच्या वरच्या टोपीखाली ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. त्यात स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा भरलेली असते. तो घरी मुळीच उघडू नका. दाबलेली हवा आतला भाग बाहेर फेकते आणि डोळा जाऊ शकतो. तसंच काहींच्या पोटात तेल असतं. बोल्ट ढिला करताच तेल गळू लागलं, तर बोल्ट परत आवळा आणि सायकल जाणत्या मिस्त्रीकडे न्या.

हत्यारं थोडीच लागतात. एलन कीचा संच, पाने, लाकडी हातोडी, स्वच्छ फडकी, एक काठी, आणि रबराला चालणारं सिलिकॉनचं ग्रीस. आणि एक वही-पेन्सिल. हसू नका. आम्ही पहिल्यांदा चिमटा उघडला तेव्हा सगळं ध्यानात राहील असं वाटलं. बसवून झाल्यावर फडक्यावर एक वायसर उरला! तो कुठला, कुणालाच सांगता येईना. सगळं पुन्हा उघडावं लागलं. तेव्हापासून जो भाग निघेल त्याचं नाव आम्ही वहीत लिहितो आणि पुढे आकडा घालतो. एक, दोन, तीन. बसवताना यादी खालून वर वाचायची. शेवटी निघालेला भाग आधी बसतो. लिहिता येऊ लागलेल्या माणसाला या कामात कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही.

आता कामाला लागू. हँडल आणि सीट पोत्यावर टेकवून सायकल उलटी ठेवा. पुढचं चाक काढा. ब्रेकची तार सोडवा. चकतीचा ब्रेक असेल तर त्याचा पायावरचा भाग दोन बोल्ट काढून मोकळा करा. हाच ब्रेक तेलावरचा असेल, तर चाक बाहेर असताना त्याचा दांडा दाबू नका. चिमट्याच्या माथ्यावर स्प्रिंग कमीजास्त करायचं चाक असेल तर ते सर्वांत ढिलं करा.

बोल्टच्या खड्ड्यातला चिखल काडीने कोरून काढा. किल्ली तळाशी पक्की बसली पाहिजे. अर्धवट बसली तर बोल्टचे कोपरे झिजतात आणि मग तो निघता निघत नाही. दोन्ही बोल्ट चार-पाच आटे ढिले करा, पण लगेच काढू नका. त्यांच्या डोक्यावर लाकडी हातोडीने हलके ठोका, म्हणजे आतला दांडा सुटतो. बोल्टबरोबर दांडाही फिरत असेल, तर दुसऱ्या माणसाने पाय दाबून धरावेत. मग बोल्ट काढा. कमान धरून दोन्ही पाय बरोबरीने वर ओढा. लहान रबरं, वायसर पडतील. गोळा करा आणि लिहा.

आत बहुधा तांबडं पाणी आणि काळा चिखल दिसेल. काठीला फडकं गुंडाळून पाय आतून पुसा. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसा. सीलला पेट्रोल किंवा डिझेल लावू नका. त्याने रबर फुगतं. वरची टोपी उघडायची गरज नाही.

आता मंडळी, इथे थांबा. सगळ्यांत महत्त्वाचं काम हे. उजेडात नळ्या निरखून पाहा. गंजाचे बारीक ठिपके पुसून जातात. पण नख अडकेल एवढा खड्डा असेल, तर तो सीलला कापत राहणार. नळी वाकली आहे का? माथ्यापाशी, ब्रेकपाशी, चाकाच्या खाचेपाशी केसाएवढी तरी भेग आहे का? भेग असेल तर तो चिमटा संपला. त्याला वेल्डिंग करून आणू नका. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूचा धातू कमजोर होतो आणि आतले प्लास्टिकचे भाग वितळतात. वरून तो सांधलेला दिसतो. एखाद्या दिवशी उतारावर तो दगा देतो, आणि वर आपलंच लेकरू बसलेलं असतं. तेव्हा इथे काटकसर नको. नवा चिमटा आणावा.

भेग नसेल तर बूशना आणि सीलच्या आतल्या ओठाला ग्रीसचा पातळ हात द्या. ग्रीस कोंबू नका. रिमला, ब्रेकच्या चकतीला, गुटख्यांना ग्रीसचं बोटही लागू देऊ नका, नाहीतर ब्रेक लागणार नाही. मग यादी खालून वर वाचत भाग बसवा. पाय सरळ सरकवा. सीलचा ओठ आत दुमडला नाही ना, ते पाहा. दोन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. किल्लीला पाईप लावून जोर करू नका, आटे मरतात.

चाक खाचेत पूर्ण बसवून दोन्ही नट आवळा. ब्रेक जोडा आणि दाबून पाहा. चाक उचलून वरून थाप मारा. ते हलता कामा नये. आधी सायकल हातात धरून चालवा. मग मोठ्या माणसाने सपाट जागी हळू चालवून पाहावी. त्यानंतरच ती मुलांच्या हाती द्यावी. आठवड्याने बोल्ट पुन्हा तपासावेत.

एवढं काम पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, वर्षातून एकदा करावं. रोजचं काम म्हणाल तर चिखलातून आल्यावर नळ्या फडक्याने पुसाव्यात. सीलवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये. टायरच्या कडेला जास्तीत जास्त हवेचा आकडा उठवलेला असतो. अक्षरं इंग्रजी असतात. मुलांकडून वाचून घ्या आणि हवा त्याच्या आत ठेवा. डनलॉपचा तो पहिला शॉकअप विसरू नका.

शेवटची एक विनंती. हे काम एकट्याने करू नका. जी मुलगी त्या सायकलीवर बसते, तिलाच शेजारी बसवा. भागांची नावं तिला लिहू द्या. भेग शोधायला तिचे डोळे आपल्याहून चांगले असतात. आणि उद्या रस्त्यात चिमटा वेगळा वाजला, तर तो काय सांगतो आहे हे तिचं तिला कळेल. ती उतरून सायकल हातात धरून घरी येईल.