जुनं मशीन हौशी माणसाला विकावं का?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांच्याकडे भामरागडसारखं नेटवर्क आहे, त्यांच्यासाठी हा भाग इथे वाचायला देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझे "बेसिकली" थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न वरवर फार छोटा आहे. धंद्यातला एखादा माणूस म्हातारपणी दुकान बंद करतो. त्याचं मशीन कुणी हौशी माणूस विकत मागतो. ते त्याला विकलं, तर त्याच धंद्यातल्या बाकीच्या लोकांच्या पोटावर पाय येतो का? आपल्या गोष्टीत धंदा फोटो फ्रेमचा आहे, मशीन माझ्या मामाचं आहे आणि गिऱ्हाईक भामरागड तालुक्यातले एक शाळेचे सर आहेत.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण मूळचा तिकडचाच. मामाचं दुकान आलापल्लीच्या बाजूला. गुडघे गेले, डोळ्यांना बारीक दिसेना, म्हणून त्याने बंद करायचं ठरवलं. दुकानात विकण्यासारखी एकच गोष्ट होती, पायाने चालणारं कोपरा कापायचं मशीन. बिडाचं जड धूड. खाली पायडल, वर ४५ अंशात बसवलेली दोन पाती. पट्टी ठेवायची, पाय दाबायचा, खटॅक. दोन्ही बाजूंचा कोन एकाच वेळी कापून निघतो. लाईट लागत नाही. पावसाळ्यात तिकडे दोन-दोन दिवस वीज नसते, त्यामुळे ही बाब लहान नाही.

हे मशीन एवढं महत्त्वाचं का, त्याचं गणित सांगतो. फ्रेमला चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येक कापात अर्धा अंश चूक झाली तर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ती चार अंश होते. तीन कोपरे मस्त बसतात आणि चौथ्यात फट पडते. मग लोक त्या फटीत भुसा आणि फेव्हिकॉल भरतात. करवतीने हाताने कापून आठही काप बरोबर यायला माणसाला वर्षं लागतात. हे मशीन ती वर्षं वाचवतं. म्हणून बाकीच्या फ्रेमवाल्यांची भीती मला अजिबात खोटी वाटत नाही. मशीन विकणं म्हणजे दुकानात शिरायचा दरवाजा विकणंच आहे.

तर झालं असं, की सरांनी १८ हजार सांगितले. भंगारवाला ४ हजार देत होता. आणि त्या पट्ट्यातले दोन फ्रेमवाले मामाकडे येऊन बसले. एक जण म्हणाला, "भाऊ, भंगारात देऊन टाका, पण मास्तरले देऊ नका. त्याले पगार आहे, तो हौसेनं करंल. आमचं काय?" मामाने मला फोन केला, कारण घरात मीच "शिकलेला". बीटेकमध्ये या विषयाचा पेपर नव्हता, हे त्याला कोण सांगणार?

मी आधी एक साधी गोष्ट विचारली. गेल्या वीस वर्षांत तुझं काम कुणी नेलं? मामाने धडाधड सांगितलं. आधी लॅमिनेशन आलं, शाळेतली सर्टिफिकेटं त्यात गेली. मग जत्रेत रेडिमेड सोनेरी फ्रेमा यायला लागल्या. मग फ्लेक्स आला; पुण्यतिथीला, वाढदिवसाला फ्रेमऐवजी फ्लेक्स. आणि शेवटी मोबाईल. फोटो काढतात हजार, प्रिंट एकाचीही नाही. या यादीत एकही हौशी माणूस नाही आणि एकही जुनं मशीन नाही. सगळं नव्या, मोठ्या, बाहेरून आलेल्या मशीननं नेलं. त्यांच्या मालकांकडे जाऊन "विकू नका" म्हणायला कुणी गेलं नव्हतं.

पण इथेच थांबलो असतो तर ते अर्धंच झालं असतं, कारण हौशी माणूस नुकसान करतो ते भावात. उदाहरणासाठी आकडे घेऊ. १२ बाय १८ इंचाची फ्रेम. पट्टी, काच, मागचा हार्डबोर्ड, टेप, कडी, सगळं मिळून समजा २८० रुपये. मामा घेणार ४५०. हौशी माणूस म्हणतो, ३०० द्या, मला २० सुटले. वरच्या १७०मध्ये दुकानाचं भाडं असतं, फुटलेली काच असते, नागपूरहून धार लावून आणलेलं पातं असतं आणि चाळीस मिनिटांची मजुरी असते. हौशी माणूस यातलं काहीच मोजत नाही, कारण त्याची वेळ संध्याकाळची आहे आणि पोट पगारावर आहे. मग गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारतं, "मास्तर ३००मध्ये देते, तुम्ही ४५० कसे घेता जी?" एक हौशी माणूस महिन्याला पाचच फ्रेमा करो, पण त्याचा भाव गावभर फिरतो. ज्याने फ्रेम कधी त्याच्याकडून घेतलीच नाही, तोही तो भाव सांगून घासाघीस करतो.

बरं, तो २० रुपयांचा नफासुद्धा खरा नसतो. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. १२ बाय १८च्या फ्रेमला एक इंच रुंदीची पट्टी लागते किती? फोटोचा घेर ६० इंच, अधिक पट्टीच्या रुंदीच्या आठपट, म्हणजे ६८ इंच. दहा फुटी पट्टी १२० इंचांची. उरले ५२. त्यात त्याच मापाची दुसरी फ्रेम होत नाही. मामाला माहीत असतं की परवा एकाचा ८ बाय १० यायचाय, त्याला ४४ लागतात, म्हणून तो तुकडा बाजूला ठेवतो. हौशी माणसाकडे परवाचं गिऱ्हाईकच नसतं, त्याचा तुकडा चुलीत जातो. आमच्याकडे याला कटिंग स्टॉक प्रॉब्लेम म्हणतात. सोव्हिएत गणिती कांतोरोविच यांनी १९३९मध्ये असल्या कापाकापीचं गणित मांडलं. पुढे १९७५मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गिलमोर आणि गोमोरी यांनी १९६१मध्ये त्यावर जी पद्धत काढली ती आजही शिकवतात. आणि मामा हे सगळं पाठच्या भिंतीवर खडूने लिहून करायचा. असो, माझं कौतुक पुरे... मामाचं कौतुक पुरे.

आता भामरागड. नकाशात बघा. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या इथे भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की गाव तुटतं. २०१९मध्ये तर पुन्हापुन्हा पाण्याखाली गेलं. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प बहुतेकांना माहीत असतो, १९७३पासूनचा. तो इथून तीनच किलोमीटर. आणि आलापल्ली साठ-पासष्ट किलोमीटर. मोठी फ्रेम एसटीत मांडीवर घेऊन त्या रस्त्याने आणून बघा, काच शाबूत पोचली तर मला फोटो पाठवा.

त्यामुळे तिथे लोक काय करतात? बाप गेला तर त्याचा एकुलता एक फोटो प्लास्टिकच्या पिशवीत, कागदपत्रांच्या पेटीत. ओल लागते, फोटो पिशवीला चिकटतो, सोडवायला गेलं की चेहरा निघून येतो. काचेलाही फोटो असाच चिकटतो, म्हणून चांगला फ्रेमवाला मध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट टाकतो, फोटो आणि काच यांच्यात हवा राहावी म्हणून. मागून टेप मारतो तो वाळवी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून. ही कामं तिथे कुणी करतच नाही. म्हणजे भामरागडात सरांनी कुणाचं काम हिसकावलं? जे काम कुणाकडे जातच नव्हतं ते.

स्वस्त गोष्टीने धंदा मरतोच असं नाही, कधी वाढतोही. राजा रविवर्म्यांनी १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा ज्यांच्या घरात कधी चित्र नव्हतं त्यांच्या भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या. त्या सगळ्यांना फ्रेम कुणी केल्या? (आणि गंमत म्हणजे तो छापखानाही पुढे विकला गेला, तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला.)

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मामाला पेन्शन नाही, पीएफ नाही. सरकारने १७ सप्टेंबर २०२३ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यात १८ धंदे आहेत, हत्यारांसाठी १५ हजारांची मदत आहे. सुतार आहे, मूर्तिकार आहे, हार करणारा माळीसुद्धा आहे. पण हार ज्या फोटोला घालतात त्याची फ्रेम करणारा त्या यादीत वेगळा नाही. मग मामाचा पीएफ कोणता? ते बिडाचं धूड. "हौशी माणसाला विकू नको, भंगारात दे" याचा अर्थ बाकीच्या दुकानांच्या संरक्षणाचे १४ हजार मामाने एकट्याने खिशातून भरायचे. ज्यांना वाटतं हे मशीन बाजारात फिरू नये, त्यांनी ते विकत घ्यावं ना. मी मामाला हेच त्यांना विचारायला सांगितलं. उत्तर आलं, पाच हजारापर्यंत बघतो.

इथे मला कुणी म्हणेल, तू पुण्यात बसून बाजाराची भाषा बोलतोयस. थोडं आहेच तसं. पण त्या दोघांचीही एक बाजू मला पटली. पुण्यात हजार दुकानांत एक हौशी आला तर कुणाला कळत नाही. जिथे पूर्ण पट्ट्यात तीन-चार दुकानं आहेत, तिथे एकट्या शाळेची ऑर्डर हलली तरी महिना बसतो. १४ एप्रिल, २१ ऑक्टोबरचा वीर बाबुराव शेडमाके यांचा स्मृतिदिन, १५ नोव्हेंबरची बिरसा मुंडा जयंती, २६ नोव्हेंबरची संविधानाची उद्देशिका. ग्रामपंचायती, शाळा, अंगणवाड्या याच तारखांना फ्रेमा घेतात. ही घाऊक, सोपी कामं असतात आणि त्यांच्या जिवावर दुकानदार वर्षभर अवघड कामं परवडवतो. सर शाळेतलेच आहेत, त्यामुळे ही ऑर्डर त्यांच्याकडे सगळ्यात सहज जाणार. खरी दुखरी जागा तीच.

शेवटी मशीन सरांनाच गेलं, १८ हजारांना, पिकअपमध्ये गोणपाट बांधून. मामाने दोन अटी घातल्या. भाव ४५०च्या खाली लावायचा नाही, हौस असली तरी. आणि पट्टी त्या दोघांपैकीच एकाकडून घ्यायची. नागपूरहून परस्पर मागवायची नाही. (तेवढं सागवानाचं जंगल दारात, २०२३मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान वाजतगाजत गेलं, आणि आमच्या फ्रेमची पट्टी मात्र बाहेरून येणारी सिंथेटिक. यावर एक वेगळा भाग करू.) सरांनी हो म्हटलं. लिहून काही घेतलं नाही. मामा म्हणाला, "कागद कायले? मी हातानं शिकवून रायलो ना त्याले."

शिकवायला मामा दोनदा जाऊन आला, गुडघ्याला पट्टा बांधून. सिंथेटिक पट्टीला पातं एकदम धारदार लागतं, नाहीतर कडेचा सोनेरी रंग उडतो. सरांनी पहिल्या आठवड्यात चार पट्ट्यांचा रंग उडवला. हिरकणीने काच कापताना तर अजून हात कापतो. रायगडावरची नव्हे, काच कापायची हिरकणी.

आतापर्यंत त्यांनी वीसेक फ्रेमा केल्यात, बहुतेक गेलेल्या माणसांच्या. आठवडी बाजाराच्या दिवशी लोक पेटीतले फोटो घेऊन येतात. पट्टी विकणारा फ्रेमवाला आता सरांशी बरा बोलतो. दुसरा अजून मामाशी बोलत नाही. शाळेच्या उद्देशिकेच्या फ्रेमा या वेळी कुणाकडे जाणार, ते मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "मुख्याध्यापक ठरवतील." मी म्हटलं, सर, मुख्याध्यापक तुम्हालाच विचारतील. ते हसले, पुढे बोलले नाहीत.

तुमच्या गावात असं कुणी दुकान बंद केलं असेल, शिंप्याचं, घड्याळवाल्याचं, फोटो स्टुडिओचं, तर त्याची हत्यारं कुठे गेली ते व्हॉइस नोटवर सांगा. एक मिनिटाच्या आत सांगा रे, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती. चला, भेटू पुढच्या भागात.