जनुक कोणते, यापुढचा प्रश्न



1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर यांनी 14 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सूज, व्रण, अरुंद झालेली वाट. आणि क्षयाचे जंतू मात्र कुठेच नाहीत. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेली, म्हणून आजार पहिल्या नावाने ओळखला जाऊ लागला. तोवर असे आतडे दिसले की बहुधा टीबी म्हणूनच त्याची नोंद होई.

भारतात ही गल्लत अजून संपलेली नाही. लहान आणि मोठे आतडे मिळते ती तीच जागा, तीच पोटदुखी, तोच बारीक ताप, तसेच उतरत जाणारे वजन, आणि बायोप्सीत दोन्हीकडे ग्रॅन्युलोमा. कित्येक रुग्णांना आधी टीबीची औषधे सुरू होतात. गुण आला नाही की मग क्रोन्सचे नाव निघते. उलटी चूक त्याहून महागात पडते. टीबीला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले, तर जंतूंना रान मोकळे मिळते.

हे साम्य केवळ दिसण्यापुरते नाही.

2001 साली दोन गटांचे शोधनिबंध ‘नेचर’मध्ये एकाच वेळी आले आणि क्रोन्सशी जोडलेले पहिले जनुक हाती लागले: सोळाव्या गुणसूत्रावरचे नॉड-2. त्याचे प्रथिन पेशीच्या आत पहारा देते आणि जंतूच्या भिंतीचा तुकडा दिसला की हाकाटी करते. रुग्णांमध्ये हा पहारेकरी जरा जास्तच आरडाओरडा करत असेल, असे वाटणे साहजिक होते. निघाला तो कानाने मंद. पहिल्या चाहुलीला जंतूचा बंदोबस्त होत नाही आणि मग उशिरा जमलेली फौज आतड्याचीच नासधूस करते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. 2009 साली चीनमधल्या कुष्ठरोगाच्या अभ्यासातही नॉड-2 पुढे आले. 2012 मध्ये आयबीडीचे, म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, रुग्ण आणि निरोगी मिळून 75 हजारांहून अधिक लोकांच्या तपासणीतून गुणसूत्रांवरच्या 163 जागा निश्चित झाल्या. मायकोबॅक्टेरियाशी, म्हणजे टीबी-कुष्ठरोगाच्या जंतुकुळाशी झुंजणाऱ्या जनुकांशी त्यांचे नाते लक्षणीय होते.

ही यादी आता दोनशेच्या पुढे गेली आहे. तरीही ओपीडीत समोर बसलेला तरुण विचारतो, “आमच्या घरात कुणालाच नाही, मग मलाच कसं झालं?” त्याचे उत्तर या यादीत नाही. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या 1988 सालच्या अभ्यासात, एकाला तरी क्रोन्स असलेल्या एकरूप जुळ्यांच्या 18 जोड्यांपैकी 8 जोड्यांतच दोघांना तो होता. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये 16 पैकी एकाच जोडीत. जनुके तीच, आतडी मात्र निराळी. म्हणून जनुक कोणते, यापुढचा प्रश्न असा, की ते कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती जोराने कामाला लागते.

2024 साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतून आलेले काम या प्रश्नाचा उत्तम नमुना आहे. एकविसाव्या गुणसूत्रावरची एक जागा आयबीडीशी जोडलेली होती, पण तिथे प्रथिन घडवणारे जनुकच नव्हते, सगळे माळरान. त्या माळावर जनुकांचा आवाज वाढवणारे बटण निघाले. त्यामुळे मॅक्रोफेज पेशींत ईटीएस-2 हे जनुक जोरात चालते आणि साध्या पेशी दाहक बनतात. कर्करोगात वापरली जाणारी एमईके-रोधक औषधे रुग्णांच्या ऊतींवर घातल्यावर हा दाह उतरला. पण ती इतर अवयवांनाही त्रास देतात, तेव्हा त्यांना नेमके मॅक्रोफेजपर्यंत पोहोचवणे हे काम बाकी आहे.

नेम चुकला तर काय होते, याची उदाहरणे आपल्याच शाखेत आहेत. सोरायसिसमध्ये गुणकारी ठरलेले, आयएल-17 रोखणारे सेक्युकिनुमॅब क्रोन्समध्येही चालेल असा कयास होता. 2012 साली निकाल आले तेव्हा काही रुग्णांचा आजार उलट बळावला होता. आतड्याचे अस्तर शाबूत ठेवायलाही आयएल-17 लागते. 1998 मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्यता मिळालेल्या इन्फ्लिक्सिमॅबने असंख्य रुग्णांना उभे केले. पण ते रोखते ते टीएनएफ हे प्रथिनच टीबीच्या जंतूंना ग्रॅन्युलोमात कोंडून ठेवते, आणि 2001 पर्यंत या औषधानंतर टीबी झाल्याच्या 70 नोंदी समोर आल्या. सुप्त टीबी घरोघरी असलेल्या देशात ही तळटीप नव्हे, मुख्य मजकूर आहे.

आणि हे औषध काहींना लागूच पडत नाही, ते का? 2019 साली 18 कोलायटिसग्रस्त आणि 12 निरोगी व्यक्तींच्या मोठ्या आतड्यातील 3,66,650 पेशींचे आरएनए एकेक करून वाचले गेले. जिथे टीएनएफ-रोधक निष्प्रभ ठरतात, त्या आतड्यांशी जुळणारी खूण फायब्रोब्लास्टमध्ये सापडली. ज्यांना आपण निव्वळ जोडकामाच्या पेशी समजत होतो, त्याच दाहाला सरपण पुरवत होत्या.

आयबीडीच्या या अभ्यासांतल्या बहुतेक रुग्णांचे पूर्वज युरोपीय. नॉड-2चे तिकडे गाजलेले तीन बदल भारतीय रुग्णांत जवळपास आढळत नाहीत. उलट एनयूडीटी-15 या जनुकातला बदल युरोपात दुर्मीळ, आशियात मात्र नेहमीचा. तो असलेल्या रुग्णाला ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा नेहमीचा डोस दिला, तर केस गळतात आणि पांढऱ्या पेशी कोसळतात. परदेशी पुस्तकात ज्याच्यावर आधी भर होता, ते टीपीएमटी जनुक आपल्याकडे त्यामानाने कमी उपयोगाचे.

तेव्हा या अधिवेशनातून दोन कामे घेऊन जावीत. स्वस्त म्हणून सर्रास लिहिल्या जाणाऱ्या ॲझाथायोप्रिनआधी, जिथे सोय असेल तिथे, एनयूडीटी-15ची तपासणी व्हावी. आणि कोलोनोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यांपैकी एक, रुग्णाला त्याच्या भाषेत नीट समजावून, संमती घेऊन, आरएनए टिकेल अशा द्रावणात ठेवावा. टीबी आणि क्रोन्स, दोन्हींचा. इतके रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर असताना ही तुलना दुसऱ्या कुणी करून देण्याची वाट पाहू नये.