आम्ही या कामात कायले आलो
(युवक शिबिरातले भाषण)



बारावी झालेल्या पोट्ट्यांना गावात एकच गोष्ट विचारतात: नोकरी पाहायची सोडून मोर्च्यात कायले फिरता? कोणी म्हणते, समाजवाद्यांनी भडकवलं. तसं नाही. आम्हाला हिशेबानं इथं आणलं.

तेंदूच्या हंगामात घरातली सारी माणसं पहाटे जंगलात जातात. सत्तर पानांचा एक पुडा. तो दुपारभर बसून बांधायचा, संध्याकाळी फळीवर न्यायचा. तिथं मुन्शी शंभरामागे चार-पाच पुडे "खराब" म्हणून बाजूला टाकतो. पण फेकत नाही, तेही पोत्यातच जातात! आम्ही वहीत लिहू लागलो: किती दिले, किती मांडले, किती पैसे हातात आले. ही चोरी आमच्या मायांना आधीपासूनच माहीत होती, त्यांच्याजवळ फक्त कागद नव्हता.

मग पुढचा प्रश्न आला. मुन्शी बदलला तर भागते काय? नाही भागत. पान तोडणार आम्ही, वणवा विझवणार आम्ही, आणि भाव ठरतो तिथं आम्ही नाही. १९२७ चा वन कायदा इंग्रजांनी केला. इंग्रज गेले, कायदा राहिला. जो राबतो त्याचा मालावर हक्क, एवढंच आम्ही म्हणत होतो. याला समाजवाद म्हणतात हे मागून कळलं.

१९७० च्या ऑगस्टमध्ये समाजवाद्यांनी पालघरकडे जमिनीचं आंदोलन केलं. ते संपलं तरी गेलेली जमीन सावकाराकडेच होती. तेव्हा काळूराम धोदडे आणि तिथल्या आदिवासी पोरांनी भूमिसेना उभी केली. म्हणजे झेंडा पक्षाचा असो, काम गावातल्याच पोरांना करावं लागते. आपल्याकडेही १९८४ मध्ये इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध लोक निघाले. बाबा आमटे आले, लाल श्याम शाह आले, पण पाण्याखाली जाणारी घरं आपली होती, म्हणून माणसं पायी चालली.

आणि कायदे आपल्या बाजूचेही आहेत. आदिवासीची गेलेली जमीन परत करायचा कायदा १९७४ चा आहे. तो तलाठी आपण होऊन वाचून दाखवणार नाही. शिकलेला पोट्टा नोकरीपायी गाव सोडून गेला तर कोण वाचणार?

घरच्यांना भीती वाटते, ती खोटी नाही. दिवसा पोलीस विचारतात, रात्री दादालोक विचारतात: तुम्ही कोणाचे? आम्ही गावाचे. म्हणूनच सभा उजेडात घेतो, सगळ्यांसमोर बोलतो, लपवायचं काही ठेवत नाही.

येत्या हंगामात प्रत्येक फळीवर आपला एक वहीवाला नाहीतर वहीवाली बसेल. सातवी झालेली पोरगीही चालते, बेरीज आली पाहिजे. नावं आज जेवणाआधी द्या. वही संघटना देईल, पेन्सिल ज्याची त्यानं आणावी.