ऋषीची भाजी परसातली
(गेल्या कोजागरीला मंडळात केलेले भाषण)



मल्हारगंजात वाढलेला माणूस देपालपूरकडच्या गावात घर बांधतो, तेव्हा त्याला वाटतं, बी टाकलं की भाजी आली. आईचं मागणं एकच होतं. ऋषिपंचमीची भाजी आपल्याच परसातली हवी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं चालत नाही, आणि बाजारच्या भाजीची खात्री कोण देणार?

पहिल्या वर्षी मी ताजं शेण मातीत मिसळलं, सपाट वाफ्यात भेंडी, दोडका, माठ लावला. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात पाणी धरून बसते. मुळं कुजली, उरलेली हुमणीनं खाल्ली. पंचमीला भाजी शहरातूनच नेली. आई काही बोलली नाही. नुसती भगर खाल्ली.

उपाय आपल्याच इंदूरात होता. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तिथे १९२४ ते १९३१ अल्बर्ट हॉवर्ड यांनी काम केलं. त्यांच्या खताच्या रीतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. १९३१च्या पुस्तकावर त्यांच्या जोडीला नाव आहे यशवंत वाड यांचं. शाळेत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही!

त्यांचे खड्डे ३० फूट लांब, १४ फूट रुंद. मी ५ फुटांचा ढीग केला. पालापाचोळा आणि हिरवा कचरा वीतभर, वर शेणकाल्याचा पातळ थर, मग मूठ-मूठ माती आणि चुलीची राख. असे थरावर थर. ओल पिळलेल्या फडक्याइतकीच. पाणी जास्त झालं की ढिगाला वास सुटतो, हे एकदा शेजाऱ्यांनीच कळवलं. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी पलटी मारायची. ढीग आतून इतका तापतो की हात ठेववत नाही. फेब्रुवारीत रचलेला ढीग मेमध्ये काळाभोर, भुसभुशीत झाला.

शेजारच्या काकांनी सांगितलं, वाफे वीतभर उंच करा, मधून चर काढा. कुदळीनं केले. शेण बैलाचं असलं तर? आईनं निकाल दिला, “शेण चालतं, नांगर नको.”

यंदा अळू, माठ, भेंडी, दोडका, भोपळा घरचा होता. सुरण तेवढा विकत आणला, म्हणून आईनं तो वगळला. दोडक्याचं बी राखलंय. हवं असेल त्यांनी दूध घेऊन झालं की भेटा.