रिकाम्या टाकीचे भय

डिचोली तालुक्यातील पाळी हा गाव लोहखनिजाच्या पट्ट्यात वसलेला आहे. 2012 मध्ये खाणी बंद पडेपर्यंत या भागातील रस्त्यांवर खनिज वाहणाऱ्या ट्रकांची रांग असे. त्यामुळे पाना आणि जॅक ही हत्यारे येथे कोणाला अपरिचित नाहीत, आणि जुन्या मोटारीची हौस बाळगणाऱ्यालाही मदतीचा हात सहज मिळतो. तथापि मोटारीचे एक काम असे आहे की, त्यात सरावाने आलेले निर्भयपण हाच पहिला शत्रू ठरतो. ते काम म्हणजे पेट्रोलची टाकी उतरवून नवी बसविणे.

उदाहरणादाखल ऍम्बॅसडर घ्यावी. उत्तरपाड्याच्या कारखान्यात 1957 च्या सुमारास सुरू झालेले तिचे उत्पादन 2014 मध्ये थांबले. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी मोटारींना वेगळी नोंदणी दिली; तेव्हापासून अशा गाड्या जतन करण्याकडे ओढा वाढला आहे. हिची टाकी डिकीच्या तळाखाली बसविलेली असून तीत सुमारे 54 लिटर पेट्रोल मावते.

ही टाकी बहुधा बाहेरून आधी सडत नाही, आतून सडते. मृग लागला की हौशी मालक गाडीवर आच्छादन घालतो आणि चवथीपर्यंत तिला हलवीत नाही. अर्धवट भरलेल्या टाकीतील दमट हवेतून पाण्याचे थेंब पत्र्यावर जमतात आणि पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की त्या पाण्यासह वेगळे होऊन खाली बसते. तळाच्या पत्र्याला गंज लागतो तो येथे. चढणीवर इंजिनाने दम सोडावा, थोडे थांबताच ते पुन्हा सुरळीत चालावे, कार्ब्युरेटरमध्ये तांबूस भुकटी सापडावी, डिकीत वास यावा, ही त्याची लक्षणे होत.

टाकीतील पेट्रोल काढून टाकले म्हणजे भय संपले, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. जळते ते पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. आणि तीही हवेत साधारणपणे दीड ते साडेसात टक्के मिसळलेली असेल तेव्हाच पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की, तिला जळण्यापुरती हवा मिळत नाही. टाकी रिकामी केली की हवा आत शिरते, सांध्यांत अडकलेले पेट्रोल हळूहळू वाफ सोडीत राहते, आणि स्फोटास अनुकूल असे मिश्रण तयार होते. ही वाफ हवेहून तिपटीपेक्षा अधिक जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. यास्तव हे काम गॅरेजातील खड्ड्यावर करू नये. उघड्या अंगणात, चुलीपासून व पाण्याच्या पंपापासून दूर करावे.

आरंभी बॅटरीची ऋण तार सोडवावी. वाळूची बादली व अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. पेट्रोल धातूच्या डब्यात उतरवावे. नळी तोंडाने ओढू नये, कारण फुप्फुसात गेलेला एक घोटही जीवघेणा ठरू शकतो. गाडी केवळ जॅकवर तोलू नये, तसेच गोव्यात सहज हाताशी असलेल्या जांभ्या चिऱ्यांवरही ठेवू नये. चिरा भाराने फुटतो. लोखंडी टेकूच वापरावे. पट्ट्यांच्या गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्री तेल पाजावे. बोल्ट सुटला नाही तरी ज्योत किंवा ग्राइंडर लावू नये. पेट्रोलची नळी, तोंडाचा रबरी जोड, हवेची नळी आणि काट्याची तार यांवर खुणेच्या चिठ्ठ्या बांधून ती सोडवावीत, आणि फळीचा आधार देऊन टाकी सावकाश खाली घ्यावी.

यानंतरचा क्षण सर्वांत नाजूक होय. भोक लहान आहे, एक झाळ मारली की काम होईल, हा विचार स्वस्त वाटतो. परंतु पाण्याने धुतलेल्या टाकीच्या सांध्यांतही पेट्रोल राहते आणि उष्णता लागताच त्याची वाफ होते. वेल्डिंगची ज्योत तेथे पोहोचली तर मेस्त्री वाचण्याची शाश्वती नाही. पत्रा पातळ झाला असेल तर एक भोक बुजविल्याने शेजारचे टळत नाही. तेव्हा टाकी बदलणेच शहाणपणाचे.

नवी टाकी बसविताना इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्यात आणि काट्याच्या जोडाखाली नवी गॅस्केट ठेवावी. पट्ट्यांखाली पाणी धरणारे नमदे न घालता रबर घालावे. हवेची नळी मोकळी आहे की नाही हे पाहावे. ती तुंबल्यास भरल्या टाकीतूनही इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. प्रथम पाचच लिटर भरून प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा, मग बॅटरी जोडावी. त्यानंतर टाकी काठोकाठ भरून पुन्हा तपासणी करावी, कारण वरच्या सांध्याची गळती त्याशिवाय कळत नाही. पुढील मृगापूर्वी टाकी अशीच भरलेली ठेवली म्हणजे आतील हवेला, आणि तिच्यासोबत येणाऱ्या दमटपणाला, जागा उरत नाही.

राहता राहिली जुनी टाकी. ती भंगारात जाते, आणि भंगारवाला ती गॅसच्या ज्योतीने कापतो. तिच्या पोटात काय होते हे त्याला ठाऊक नसते. मालकाने ती पाण्याने पुरती भरून, रिती करून, तोंडे उघडी ठेवून अनेक दिवस वाऱ्यावर टाकावी. देताना ती पेट्रोलची टाकी आहे आणि तिला ज्योत लावू नये, हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगावे. अंगणातले काम निर्विघ्न पार पडले एवढ्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. टाकी ज्याच्या हाती गेली त्यालाही तिचे भय कळले म्हणजेच ती संपते.