आजारपणाचा भार कोणाच्या शिरावर?

(वाडी, नागपूर येथील कामगार अभ्यासवर्गातील भाषण)



वाडीच्या शेजारी अंबाझरीची आयुध निर्माणी, काही अंतरावर हिंगण्याची औद्योगिक वसाहत आणि अमरावती रस्त्यालगत मालवाहतुकीची गोदामे. या तिन्ही ठिकाणी राबणाऱ्यांचा ताप सारखाच. उपचाराचा हिशेब मात्र वेगवेगळा. निर्माणीतील कायम कामगाराला निर्माणीचे रुग्णालय आहे. कारखान्यातील कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजना आहे. रोजंदारीवरील हमालाला बहुधा स्वतःचा खिसा आणि सावकार, एवढाच आधार.

ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. १९४८ च्या कायद्याने ते निदान संघटित कामगारांपुरते मान्य झाले. या योजनेत २०१९ पासून कामगाराकडून वेतनाच्या ०.७५ टक्के व मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी ठरली. म्हणजे २१,००० रुपये वेतनावर महिन्याला ८४० रुपये. या रकमेत बाह्यरुग्ण तपासणी, औषधे, रुग्णालय आणि आजारपणातील बुडालेल्या मजुरीचा काही भाग एवढे सारे अंतर्भूत आहे. निरोगी माणूस आजाऱ्याचा भार उचलतो, हेच या व्यवस्थेचे अर्थशास्त्र. पण २०१७ साली वेतनमर्यादा २१,००० वर बांधली गेली. ती ओलांडणारा कामगार कालांतराने योजनेबाहेर पडतो, आणि कंत्राटदाराने ज्याचे नावच नोंदविले नाही तो कधी आत येतच नाही.

उरलेल्यांसाठी २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली. पाच लाखांचा आकडा मोठा खरा. पण तो मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांना तो लागू पडत नाही. गोळी परवडत नाही म्हणून आजार बळावतो. आणि तो बळावला की सरकारी पैसा खासगी रुग्णालयाकडे वळतो. हा उफराटा हिशेब आहे.

९ एप्रिल २०२१ रोजी वाडीतील एका खासगी कोविड रुग्णालयाला आग लागून रुग्ण दगावले. त्या काळात खाटेसाठी दारोदार फिरणाऱ्यांना निवड करण्याची मुभा नव्हती. ज्या बाजारात गिऱ्हाईक नाही म्हणू शकत नाही, तो बाजार कसला?

‘पैसा आणावा कोठून?’ असा प्रश्न केला जातो. पैसा आजही खर्च होतोच आहे. २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून गेले. २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के. घट स्वागतार्ह आहे. परंतु त्याच वर्षी सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता. २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे आश्वासन २०१७ च्या धोरणानेच दिले होते. तेव्हा प्रश्न पैशाचा नसून, तो केव्हा व कोणाकडून घ्यावयाचा, हा आहे: धडधाकट असताना ऐपतीप्रमाणे कररूपाने, की आजारी पडल्यावर गहाणवटीने?

वाडीच्या कामगारांची मागणी म्हणूनच साधी असावी. प्रत्येक कंत्राटी कामगाराची नोंद झालीच पाहिजे, वस्तीतील सरकारी दवाखान्यात डॉक्टर व औषधे रोज असलीच पाहिजेत. हमालाच्या तापाचा हिशेब ज्या दिवशी निर्माणीतील कामगाराच्या तापासारखा होईल, त्या दिवशी १९४६ चे तत्त्व वाडीत पोहोचले असे म्हणता येईल.